हिरवळ-कापणी

हिरवळ-कापणी : ठेंगण्या, दाट व पसरणाऱ्या गवताने आच्छादलेला, ठराविक उंचीवर वारंवार कापून सपाट राखलेला जमिनीचा तुकडा म्हणजे हिरवळ किंवा लॉन होय. कुरणातील गवत व हिरवळीवरील गवत यांत वनस्पतिशास्त्रीय भेद फारसा नाही. भेद आहे तो कापणीच्या हेतूत. कुरणातील गवत जनावरांसाठी कापतात व ते वाढावे अशी इच्छा असते. हिरवळीवरील गवत कापतात ते त्याने वाढू नये म्हणून. त्यामुळे हिरवळीचा इतिहास हा मुख्यत्वे कापणीचा, कापण्याच्या अवजारांचा आणि ती चालविणाऱ्या माणसांचा इतिहास आहे. महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या प्रदेशात, तो पाण्याचाही इतिहास ठरतो.

गवत : महाराष्ट्रातील हिरवळींत सर्वाधिक आढळणारे गवत हरळी हे असून त्याचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन असे आहे. गणेशपूजेतील दूर्वा हीच. जमिनीखालील खोडे व जमिनीवरून सरपटणारे धावते कांडे या दोहोंनी ती पसरते. प्रत्येक पेराला मुळे फुटत असल्याने वरचा भाग कितीही वेळा कापला तरी ती मरत नाही, उलट अधिक दाट होते. पाणी तुटल्यास ती वाळल्यासारखी दिसते, परंतु जमिनीखालील खोडे जिवंत राहतात व पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतात. हे गुण उद्यानात इष्ट, तर शेतात अनिष्ट होत. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी व आसपासच्या गावांच्या काळ्या जमिनीत हरळी हे कपाशी व ज्वारीच्या पिकांतील चिवट तण समजले जाते आणि ती मुळासकट खणून काढण्यावर शेतकऱ्याचे बरेच श्रम खर्च होतात. जे गवत शहरातील बंगल्यापुढे पाणी घालून जगविले जाते, तेच खेड्यातील शेतातून खणून काढले जाते. हरळीखेरीज झॉयसिया वंशातील मखमली गवतेही शोभेसाठी लावतात. ती मऊ असली तरी सावकाश पसरतात.

यंत्रपूर्व काळ : यूरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत सरदारांच्या वाड्यांभोवती विस्तीर्ण हिरवळी राखल्या जात. त्यांवर मेंढ्या चारीत, अथवा लांब दांड्याच्या मोठ्या विळ्याने मजूर गवत कापीत. दवाने ओले झालेले गवत पात्यापुढे वाकत नाही, म्हणून ही कापणी पहाटे करीत. एकसारखी उंची राखणे हे मोठे कौशल्याचे काम असल्याने हिरवळ ही श्रीमंतीची खूण मानली जाई.

भारतात उद्यानाची परंपरा जुनी असली, तरी तीत उघड्या हिरवळीला प्रधान स्थान नव्हते. मोगल चारबागेत पाण्याचे पाट, कारंजी, फळझाडे व फुलांचे ताटवे यांना महत्त्व असे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बीबी का मकबरा ही सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील वास्तू अशाच चारबागेत उभी आहे. अशा मोगल उद्यानांतील अनेक ठिकाणी आज दिसणाऱ्या कातरलेल्या हिरवळी हा बऱ्याच अंशी नंतरच्या इंग्रजी अभिरुचीचा परिणाम होय. लॉर्ड कर्झन (व्हाइसरॉय, १८९९–१९०५) यांच्या काळात आग्र्याच्या ताजमहालाच्या बागेतील दाट झाडी कमी करून तेथे हिरवळीला जागा करून देण्यात आली. हे याचे सर्वज्ञात उदाहरण आहे. मराठी राज्यात गवत राखले जाई ते कुरणांत, पागेच्या घोड्यांसाठी. ते विळ्याने कापून गंजी रचून ठेवीत. पाहण्यासाठी गवत राखण्याची कल्पना तेथे नव्हती.

यंत्राचा शोध : हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात स्ट्राउडजवळ थ्रप येथे एडविन बिअर्ड बडिंग (१७९६–१८४६) या यांत्रिकाने तयार केले व ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याचे एकस्व (पेटंट) मिळविले. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उभी राहणारी लव सारखी कातरण्यासाठी तेथे सर्पिल पात्यांचा फिरता दंडगोल वापरीत. हीच रचना जमिनीवर चालविल्यास गवतही सारखे कातरले जाईल, हे बडिंगच्या ध्यानात आले. त्याचे ओतीव लोखंडाचे यंत्र सु. ४८ सेंमी. रुंदीची पट्टी कापी. मागील रुळाची गती दंतचक्रांनी पात्यांकडे पोहोचविलेली होती. जॉन फेराबी हा या उद्योगात त्याचा भागीदार होता. १८३२ मध्ये रॅन्सम्स कंपनीने परवाना घेऊन यंत्राचे उत्पादन सुरू केले. घरमालकाला हे यंत्र स्वतः चालविण्यात करमणूक व आरोग्यदायी व्यायाम लाभेल, असा बडिंगचा दावा होता.

यानंतरच्या सुधारणा जलद झाल्या. स्कॉटलंडमध्ये १८४० नंतरच्या दशकात तट्टाने ओढावयाची यंत्रे निघाली. खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून जनावरांच्या पायांत कातडी जोडे घालीत. लीड्सच्या टॉमस ग्रीन याने १८५९ मध्ये साखळीने चालणारे, कमी आवाजाचे यंत्र काढले. १८९३ मध्ये जेम्स समनर याने वाफेवर चालणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले, तर १९०२ मध्ये रॅन्सम्सने पेट्रोल-एंजिनाचे यंत्र बाजारात आणले. ऑस्ट्रेलियात मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन याने १९५२ मध्ये सिडनी येथे आडव्या फिरत्या पात्याचे हलके ‘व्हिक्टा’ यंत्र तयार केले. त्यामुळे अशी यंत्रे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली. विसाव्या शतकाच्या अखेरीस स्वयंचलित यंत्रेही निघाली.

महाराष्ट्रातील प्रसार : बडिंगच्या एकस्वाच्या वर्षीच, म्हणजे १८३० मध्ये, पश्चिम भारताची कृषि-उद्यानविद्या संस्था स्थापन झाली, पुण्याची एम्प्रेस गार्डन पुढे याच संस्थेच्या व्यवस्थेखाली आली. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली व १८७५ मध्ये बाँबे जिमखान्याची स्थापना झाली. मेजर वॉल्टर विंगफील्ड याने १८७४ मध्ये लॉन टेनिसच्या साहित्याचे एकस्व घेतल्यानंतर या खेळाचा प्रसार छावण्यांतही झाला. त्यासाठी सपाट, बारीक कापलेले गवत अपरिहार्य होते. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता व जालना येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. अशा छावण्यांतील बंगले, क्लब व कवायतीची मैदाने यांच्या द्वारे कापलेल्या गवताची इंग्रजी अभिरुची आतल्या मुलखापर्यंत पोहोचली.

यंत्र आले तरी बडिंगची अपेक्षा भारतात फलद्रूप झाली नाही. येथे मालक यंत्रामागे चालला नाही. मजुरी स्वस्त असल्याने ते काम माळ्याकडे व गड्याकडे गेले. लहान हिरवळी उकिडवे बसून खुरपे, विळा व कातर यांनी कापण्याची पद्धत यंत्राबरोबरच चालू राहिली. मोठ्या मैदानांवर रुंद यंत्र व दगडी वा लोखंडी रूळ बैलांकडून ओढवीत.

गवतावरील हक्काचा प्रश्नही लवकरच उभा राहिला. मुंबईच्या मैदानावर यूरोपीय लोक पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी गवत उखडे, जमीन खडबडीत होई आणि तेथेच क्रिकेट खेळणाऱ्या पारशी व हिंदू तरुणांना चेंडूच्या अनपेक्षित उसळीमुळे इजा होण्याची भीती असे. बाँबे जिमखान्याचे स्वतःचे राखलेले मैदान मात्र एतद्देशीयांना बंद होते. १८८१ पासून क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्ज केले व हा वाद काही वर्षे चालला. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ च्या आपल्या पुस्तकात त्याची हकिकत नोंदविली आहे.

हिरवळीमागील श्रमाचे सर्वांत बोलके उदाहरण पाळवणकर बाळू (१८७६–१९५५) यांचे होय. चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळूंनी पुण्यात प्रथम पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे व तीवर रूळ फिरविणे हे काम महिना ३ रुपयांवर केले. १८९२ च्या सुमारास ते यूरोपीयांच्या पूना क्लबमध्ये ४ रुपयांवर गेले. तेथे खेळपट्टी राखणे, जाळी लावणे व सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करणे ही कामे त्यांच्याकडे होती. त्यातूनच ते थोर डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. ज्या हिरवळीची निगा खालच्या मानलेल्या जातीच्या हातांनी होत होती, तिच्यावर समान हक्काने वावरण्यासाठी त्या हातांना फार मोठा काळ झगडावे लागले, ही गोष्ट उद्यानविद्येच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही.

यंत्राची निवड : आज उपलब्ध असलेल्या यंत्रांचे दोन मुख्य प्रकार आहेत. दंडगोली यंत्रात सर्पिल पाती खालच्या स्थिर पात्यावर घासून कात्रीप्रमाणे गवत कापतात. काप स्वच्छ येतो व गवताच्या टोकांना इजा कमी होते. मात्र जमीन सपाट हवी आणि गवत फार वाढलेले नसावे. फिरत्या पात्याच्या यंत्रात आडवे पाते अतिवेगाने आघात करून गवत तोडते. उंचसखल जागेवर व वाढलेल्या गवतावर ते उपयोगी पडते, पण पाते बोथट असल्यास टोके फाटून पिवळी पडतात. सु. १०० चौ. मी. पर्यंतच्या घरगुती हिरवळीला हाताने ढकलावयाचे दंडगोली यंत्र पुरेसे असते. त्यास इंधन वा वीज लागत नाही. त्याहून मोठ्या जागेस विजेचे व विस्तीर्ण मैदानास पेट्रोलचे यंत्र सोयीचे होय. कडा, झाडांचे बुंधे व कोपरे यांसाठी कातर किंवा विळा लागतोच. उंची कमीजास्त करण्याची सोय, पात्यांना धार लावून मिळण्याची व सुटे भाग मिळण्याची खात्री या बाबी किंमतीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

कापणीची रीत : एका वेळी पात्याच्या उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग कापू नये, हा सर्वमान्य नियम आहे. हरळी ३ सेंमी. उंच राखावयाची असल्यास ती ४·५ सेंमी. झाल्यावर कापावी. एकदम खूप कापल्यास अन्ननिर्मिती करणारी हिरवी पाने नाहीशी होतात, मुळांची वाढ खुंटते व उघड्या जमिनीतील ओल उडून जाते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, क्वचित दोनदा, हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी कापणी करावी. उन्हाळ्यात ती विरळ करून गवत अधिक उंच ठेवावे. यंत्राने कापावयाचे गवत कोरडे असावे. जुन्या काळी विळ्यास उपकारक ठरणारे दव यंत्रात गवताचे गोळे बांधते. प्रत्येक वेळी कापण्याची दिशा बदलावी, म्हणजे गवत एका बाजूस झुकत नाही व चाकांच्या खुणा पडत नाहीत. बारीक कातरण जागीच राहू दिल्यास ती कुजून नत्र परत मिळते. लांब कातरण जनावरांना घालावी, मात्र हिरवळीवर कीटकनाशक फवारलेले असल्यास घालू नये. काळ्या जमिनीत पाणी साचते व उन्हाळ्यात भेगा पडतात. म्हणून लागवडीपूर्वी निचऱ्याची व्यवस्था करावी व ओल्या जमिनीवर रूळ फिरवू नये. कापण्यापूर्वी दगड, तार इ. वस्तू वेचाव्यात, यंत्र साफ करताना एंजिन बंद असावे.

पाणी व हिरवळ : जालना जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सरासरी सु. ७०० मिमी. असून तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो व अनेक वर्षी त्याहून बराच कमी असतो. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवण्यास दररोज सु. ५ मिमी. पाणी लागते असे धरल्यास १०० चौ. मी. हिरवळीचा दैनिक खर्च ५०० लिटर होतो. जलजीवन मिशनमध्ये (२०१९) ग्रामीण भागासाठी धरलेले प्रमाण दरडोई दररोज ५५ लिटर आहे. म्हणजे एवढी हिरवळ नऊ माणसांचे पाणी पिते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या अनेक बागा वाळल्या. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सु. ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने, मैदाने व खेळपट्ट्यांना लागणाऱ्या पाण्याविरुद्धच्या याचिकेवर, ३० एप्रिलनंतरचे इंडियन प्रीमियर लीगचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. हिरवळीचे पाणी हा सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

यावर उपाय हिरवळ नाकारणे हाच आहे असे नाही. हिरवळीचे क्षेत्र वापरापुरते ठेवणे, स्नानगृहाचे व प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे, पाणी सकाळी लवकर देणे, गवत उंच राखणे आणि टंचाईच्या वर्षी हरळी वाळू देणे हे मार्ग उपलब्ध आहेत. वाळलेली हरळी मृत नसते. मृगाच्या सरींनंतर ती आपोआप हिरवी होते. वर्षभर हिरवे गवत ही कल्पना बारमाही पाऊस असलेल्या इंग्लंडच्या हवामानातील आहे. मराठवाड्यातील हिरवळीने तेथील ऋतूंप्रमाणे वर्षातून काही महिने पिवळे होणे हेच तिच्या निगेचे योग्य गमक समजावे.