जाहिरातीकडून चिठ्ठीकडे : पुरुषांतील लैंगिक दुर्बलतेवरील औषधोपचाराचा इतिहास

महाराष्ट्रात लैंगिक आरोग्याची शास्त्रीय चर्चा र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७-१९५३) या मासिकातून केली. पुढे १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने लैंगिक दुर्बलता बरी करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींस मनाई केली. १९५९ मध्ये हमदर्द दवाखाना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अधिनियमातील काही तरतुदी रद्द ठरविल्या. तथापि अशा जाहिरातींवर बंधन घालण्याचे तत्त्व मान्य केले.

मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिल या औषधास मान्यता मिळाली. त्याच वर्षी नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. हा केवळ योगायोग असला, तरी पुढील प्रश्न वैद्यकीय शिक्षणाशीच निगडित होता. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाने हे औषध घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो. शिवाय ही तक्रार मधुमेह वा हृदयविकाराचे पूर्वलक्षणही असू शकते. म्हणूनच भारतात त्याच्या विक्रीस डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन आहे. परंतु संकोचापोटी रुग्ण तपासणी टाळून थेट औषधाच्या दुकानात जातो, तेव्हा हे बंधन निष्फळ ठरते.

सारांश, कायद्याने फसव्या जाहिरातीस आळा घालता येतो. रुग्णास निःसंकोच बोलते करणे मात्र डॉक्टरांच्या हाती आहे. त्या अर्थाने कर्वे यांचे कार्य अद्याप अपूर्ण आहे.