बॅकपॅक आरोग्यपथके (पूर्व म्यानमार)

म्यानमार-थायलंड सीमेलगतच्या डोंगराळ पट्ट्यात, लष्कर आणि वांशिक सशस्त्र संघटना यांच्या संघर्षात सापडलेल्या गावांना पायी फिरून आरोग्यसेवा देणारी स्थानिक कार्यकर्त्यांची पथके. कारेन, कारेन्नी आणि मोन समाजांतील आरोग्य कार्यकर्त्यांनी 1998 मध्ये ती उभारली. ‘बॅकपॅक हेल्थ वर्कर टीम’ हे संघटनेचे नाव आणि थायलंडमधील माए सोत हे सीमेवरचे गाव तिचा तळ.

दवाखाना पाठीवर घेण्याची वेळ युद्धाने आणली. कारेन नॅशनल युनियनचा सशस्त्र लढा 1949 पासून सुरू आहे. तो मोडण्यासाठी बर्मी लष्कराने साठच्या दशकापासून ‘चार तोड’ धोरण अवलंबले. बंडखोरांना मिळणारे अन्न, पैसा, माहिती आणि नवी माणसे हे चारही पुरवठे तोडायचे, असा त्याचा हिशेब. व्यवहारात तो गावकऱ्यांच्या अंगावर आला. घरे आणि भाताची कोठारे जाळली गेली, वाटांवर सुरुंग पेरले गेले, माणसे रानात लपून राहू लागली. अशा मुलखात पक्क्या छपराचा दवाखाना हे आयते लक्ष्य ठरते. औषधांचा साठा सापडला तर तोही बंडखोरांना मदत केल्याचा पुरावा धरला जाई. गाव पळाले की त्याच्याबरोबर पळू शकेल, अशीच आरोग्यसेवा इथे टिकणार होती.

एका पथकात साधारण तीन ते पाच जण असतात आणि त्यांच्याकडे सुमारे 2000 लोकवस्तीचा भाग असतो. हे डॉक्टर नव्हेत. त्याच भागातले, तीच भाषा बोलणारे, प्रशिक्षण घेतलेले तरुण-तरुणी. हिवताप, जुलाब, न्यूमोनिया, जखमा यांवर उपचार. मुलांना जंतनाशक गोळ्या आणि ‘अ’ जीवनसत्त्व. संडास आणि पिण्याच्या पाण्याची सोय. माता आणि बालकांची काळजी, हे नेहमीचे काम. गावातल्या सुइणींना प्रशिक्षण आणि बाळंतपणाचे साहित्य हीच पथके पुरवतात. सुरुंगाने पाय गेलेला माणूस आला, तर रक्तस्राव थांबवण्यापासून पुढची सारी जबाबदारीही बहुधा त्यांच्यावरच पडते. दर सहा महिन्यांनी पथकप्रमुख माए सोतला येतात, नोंदवह्या जमा करतात, नवे शिकतात, औषधे भरून घेतात आणि परततात. या येण्याजाण्यात काही कार्यकर्ते गोळीने वा सुरुंगाने मारले गेले आहेत.

या सगळ्यामागे माए सोतच्या माए ताओ क्लिनिकचा मोठा आधार आहे. 1988 चे लोकशाही आंदोलन चिरडले गेल्यावर सिंथिया माउंग ही तरुण कारेन डॉक्टर जंगलातून चालत थायलंडला आली आणि 1989 मध्ये तिने एका पडक्या घरात रुग्ण तपासायला सुरुवात केली. सुरुवातीला उपकरणे भात शिजवण्याच्या कुकरमध्ये निर्जंतुक होत. डॉ. माउंग यांना 2002 मध्ये सामुदायिक नेतृत्वासाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडचे आरोळे दांपत्य (1979) आणि हेमलकशाचे प्रकाश व मंदाकिनी आमटे (2008) यांना तो याच विभागात मिळाला आहे.

औषधांइतकेच महत्त्व या पथकांनी मोजणीला दिले, आणि त्यांचे खरे वेगळेपण तिथेच आहे. 2004 मध्ये त्यांनी घरोघर पाहणी केली. 2006 मध्ये तिच्यावर आधारित ‘क्रॉनिक इमर्जन्सी’ हा अहवाल आला. त्यानुसार या भागात दर हजार जन्मांमागे 91 अर्भके आणि पाच वर्षांखालची 221 मुले दगावत होती. पाच वर्षांखालील मृत्यूंचा हा दर म्यानमारच्या राष्ट्रीय आकड्याच्या सुमारे दुप्पट आणि सीमेपलीकडच्या थायलंडच्या दहापट होता. कोणत्याही वेळी लोकवस्तीच्या बारा टक्क्यांहून अधिक जणांना फाल्सिपेरम प्रकारच्या हिवतापाची लागण असे. पाहणीत रोगांबरोबर सक्तीचे विस्थापन, अन्नाची लूट आणि वेठबिगारी यांचेही प्रश्न होते. त्यामुळे विस्थापित कुटुंबांत मुले दगावण्याचे आणि कुपोषणाचे प्रमाण बरेच अधिक असल्याचे आकड्यांत दाखवता आले. सरकारी जनगणनेच्या कक्षेबाहेरच्या या माणसांची मोजदाद करायला दुसरे कोणी आलेही नसते.

बाळंतपणाच्या बाबतीत 2005 ते 2008 या काळात एक धाडसी प्रयोग झाला. शान, मोन, कारेन आणि कारेन्नी संघटना, माए ताओ क्लिनिक आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ त्यात एकत्र आले. फिरते माता-आरोग्य कार्यकर्ते, त्यांच्या हाताखाली आरोग्यसेवक आणि त्यांच्याखाली सुइणी अशी साखळी बांधण्यात आली. जंगलात रक्तपेढी कुठून येणार? म्हणून गावातल्याच निरोगी माणसांची तपासणी करून त्यांना हाकेच्या अंतरावरचे रक्तदाते बनवले. प्रशिक्षित व्यक्तीच्या हजेरीत होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण सुमारे 5 टक्क्यांवरून 49 टक्क्यांच्या आसपास गेले. रुग्णालयाशिवायही तातडीची प्रसूतिसेवा देता येते, हा दावा या निकालाने बळकट केला.

हिवतापाविरुद्धच्या लढाईत गोव्याचाही वाटा आहे. सूक्ष्मदर्शक आणि वीज नसलेल्या गावात बोटाच्या थेंबभर रक्तावर निदान करणारी ‘पॅराचेक’ चाचणी कारेन नॅशनल युनियनच्या आरोग्य विभागाच्या कार्यक्रमात वापरली गेली. ती गोव्यातील ऑर्किड बायोमेडिकल सिस्टिम्सची.

तरीही सीमा ओलांडून जाणारी ही मदत दीर्घकाळ अर्धी अनधिकृतच राहिली. लष्करी राजवटीच्या परवानगीवाचून सीमा ओलांडणे बेकायदा, आणि बऱ्याच देणगीदारांना यांगून शहरामार्गे काम करणे सोयीचे वाटे. पण यांगूनमधून निघालेली औषधाची पेटी या गावांपर्यंत पोचतच नव्हती. 2007 मध्ये ब्रिटिश संसदेच्या आंतरराष्ट्रीय विकास समितीने सीमा ओलांडून जाणाऱ्या मदतीलाही निधी द्यावा, अशी शिफारस केली.

सरकार आणि कारेन नॅशनल युनियन यांच्यातील 2012 च्या शस्त्रसंधीनंतर काही वर्षे वारे बदलले. सरकारी आरोग्ययंत्रणा आणि वांशिक संघटनांची यंत्रणा यांचा मेळ घालण्याची बोलणी झाली. कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाला सरकारमान्यता मिळावी हा त्यातला कळीचा मुद्दा. फेब्रुवारी 2021 च्या लष्करी उठावाने ते सारे थांबले. सरकारी डॉक्टर आणि परिचारिका असहकारात उतरल्या आणि त्यांतले अनेक जण याच वांशिक भागांत आश्रयाला येऊन काम करू लागले. मनुष्यबळ वाढले, पण धोका आकाशातून येऊ लागला: मार्च 2021 पासून कारेन भागात हवाई हल्ले सुरू झाले. कारेन्नी भागात काही रुग्णालये जमिनीखाली हलवावी लागली. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवल्यावर थायलंडच्या निर्वासित छावण्यांतील एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेची रुग्णालये बंद पडली आणि सीमेवरच्या सर्वच आरोग्यसंस्थांना नव्याने पैशांची जुळवाजुळव करावी लागली.