बोरू कापणारा हात

लेखनाच्या इतिहासात आपण ग्रंथांचा, लिपीचा आणि लेखकांचा विचार करतो. लिहिणाऱ्या हाताचा क्वचितच. भोर-वेल्हे परिसराचा इतिहास मात्र तो विचार करायला लावतो. वेल्ह्यातील राजगड ही रायगडापूर्वीची राजधानी. अष्टप्रधानांतील सचिव, म्हणजेच सुरनीस, राजपत्रे व हिशेब तपासून शुद्ध करी. राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायण यांच्याकडे आले आणि त्यांच्या वंशजांचे भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकले. ‘पंतसचिव’ ही तेथील राजांची उपाधी दफ्तरातून आलेली आहे.

त्या काळच्या दफ्तरांतील कारकून मोडी लिहीत. कागदावर आधी शिरोरेषा ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिच्याखाली लिहीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही मोडीने बहुधा सोडून दिला होता. या सवलतींमुळे वेग वाढला आणि हाताचे श्रमही वाचले. बोरू तर लिहिणारा स्वतःच्या वळणाप्रमाणे कापून घेई. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. तरुणपणीचे बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगाचे नाही, म्हणून मध्यम लिहावे, असे समर्थ त्यात सुचवतात. लिहिणाऱ्याच्या देहाचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही, तो असा.

टंकलेखन यंत्राने हे नाते उलटे केले. यंत्राच्या कळा मोजक्या, म्हणून देवनागरीची अक्षरे तोडून जोडावी लागली. सावरकरांच्या लिपिशुद्धीमागेही मुद्रण व टंकलेखनाची सोय हा एक हेतू होता. हात आणि लिपी, दोघांनाही यंत्रापुढे वाकावे लागले.

संगणकाने लिपीची सुटका केली. १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेल्या इन्स्क्रिप्ट रचनेत स्वर व मात्रा डावीकडे, तर व्यंजने मुख्यतः उजवीकडे आहेत. ‘भोर’ लिहिताना उजवा, डावा, उजवा असे हात आलटून-पालटून चालतात.

हाताची सुटका मात्र अजून आपल्या निवडीवर आहे. दिवसभर प्रबंध टंकणाऱ्याने कीबोर्ड निवडताना मनगटे सरळ राहतात का, हे आधी पाहावे. दोन भागांत विभागलेला कीबोर्ड याला मदत करतो. पण इन्स्क्रिप्टमधील ‘व’ रोमन ‘बी’च्या कळेवर असतो आणि ती कळ अशा बहुतेक कीबोर्डांवर डाव्या भागात जाते. ‘वेल्हे’ लिहिताना उजव्या हाताची सवय तेथे अडखळेल. उजवीकडचा अंकविभाग नसेल तर माउस जवळ येतो आणि खांदा ताणला जात नाही. उभ्या माउसवर तळहात पालथा पडत नाही. करंगळीची बाजू खाली टेकते, जवळजवळ बोरू धरलेल्या हातासारखी. बिनतारी साधनांचा खरा लाभ म्हणजे ती आपल्या बैठकीप्रमाणे हवी तेथे ठेवता येतात.

तेव्हा किंमत आणि देखणेपण यांआधी, शक्य असल्यास, साधनावर मराठीचे एक पान टंकून पाहावे. बोरू कापताना कारकून हेच करी: दोन अक्षरे लिहून पाही, आणि हाताला पटेपर्यंत पुन्हा कापी. आज आपल्याला साधन कापता येत नाही, पण पारखून घेता येते. लिहिणाऱ्याचा तो जुना अधिकार आपण उगाच सोडून दिला आहे.