साठ हप्त्यांची सायकल



आमच्या मागच्या पडवीत एक काळी सायकल उभी आहे. कॅरियर गंजलाय, घंटी वाजत नाही. मुलगा दर दिवाळीत ती भंगारात देऊया म्हणतो आणि मी नको म्हणते. 1989 च्या पाडव्याला ही सायकल मी ह्यांना भेट दिली होती, आधी काहीही न सांगता. आज तिची गोष्ट सांगते. तिच्यासोबत सायकलीचा आणि बायकांच्या पैशाचा थोडा इतिहासही सांगते, कारण एक सांगताना दुसरा आल्याशिवाय राहत नाही.

लग्न होऊन 1983 साली मी बेळगावहून मालवणजवळ कुंभारमाठला आले. हे मालवणात नारळाच्या वखारीत हिशेबनीस होते. वखार पाचला सुटायची. एसटी मिळाली तर ठीक, नाहीतर घाटी चढून तासभर चालत यायचं. थंडीत आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य समुद्रात जातो. ह्यांचा रात्रीभोजनत्याग लहानपणापासूनचा. घरी पोचेपर्यंत दिवस बुडालेला असला, की हे हातपाय धुऊन नुसतेच बसायचे. मी वाढून ठेवलेलं ताट झाकायचं आणि सकाळपर्यंत दोघांनी त्यावर एक शब्द बोलायचा नाही. अशा कितीतरी संध्याकाळी गेल्या. सायकल असती तर घाटी हातात धरून चढवूनसुद्धा हे अर्ध्या तासात घरी आले असते.

सायकलीचं मला अप्रूप नव्हतं. बेळगावात आमच्या घरच्यांना किर्लोस्कर रोड रोजचाच. 1888 साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक असतं. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत होते, पुढे तिथल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि थोरले बंधू रामुअण्णा बेळगावात विकायचे. सायकल चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये घेत असत म्हणतात. त्या काळचे पंधरा रुपये! म्हणजे सायकल साहेबाची, नाहीतर बड्या अधिकाऱ्याची. त्याच दुकानातून पुढे कारखाना झाला, लोखंडी नांगर आला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

साध्या माणसाच्या दारात सायकल आली ती स्वातंत्र्यानंतर. मद्रासला टी. आय. सायकल्स 1949 मध्ये, सोनीपतला अ‍ॅटलस 1951 मध्ये, लुधियानात हिरो 1956 मध्ये. देशात कारखाने निघाले तशी सायकल पोस्टमनची, मास्तरांची, पाववाल्याची झाली. 1986 मध्ये तर जगातला सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून हिरोचं नाव गिनीज बुकात गेलं. तरीही एका पगारावर चालणाऱ्या घरात सायकल ही 'पुढच्या वर्षी बघू' अशीच वस्तू होती.

आणि घरातल्या बाईने ती घ्यायची तर पैसे कुठले? बी.कॉम.ला कायद्याचा पेपर होता, पण ही गोष्ट मी खूप नंतर वाचली: विवाहित स्त्रीची कमाई तिच्या स्वतःच्या मालकीची, असं सांगणारा कायदा इंग्रजांनी 1874 मध्ये केला, पण त्यातच लिहून ठेवलं की हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रियांना तो लागू नाही. आपलं नाव स्पष्ट लिहून आपल्याला वगळलं होतं. मिळालेल्या मालमत्तेवर बाईचा पूर्ण हक्क आला तो 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने, आणि तो जैनांनाही लागू आहे.

त्याआधी बाईच्या हातात होतं ते अंगावरचं सोनं. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले, कुंभोजचे. एके काळी ते किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांना घालायला धान्य उरलं नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडायला काढून दिलं. कर्मवीरांचं नाव घेताना आपण हे सांगतो, पण लक्ष्मीबाईंकडे द्यायला दुसरं काहीच नव्हतं, हे विसरतो.

माझ्याकडे पोस्ट होतं. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना 1972 पासून चालू होती. तिच्यात बायकाच एजंट असतात आणि घरी येऊन आवर्ती ठेवीचे हप्ते नेतात. 1984 च्या दिवाळीच्या सुमारास मी दरमहा दहा रुपयांचं पाच वर्षांचं खातं काढलं. घरखर्चातून दहा रुपये बाजूला, असे साठ हप्ते. एजंटबाई दुपारी यायच्या. पासबुक तांदळाच्या डब्यात. पाच वर्षांनी व्याज धरून आठशेच्या जवळपास हातात आले.

दुकानदार म्हणाला, "वयनी, सायकल कोणाक घेतास?" ह्यांच्यासाठी म्हटल्यावर हसला. कॅरियर, स्टँड आणि कुलूप मिळून सातशे साठ झाले. धाकट्या दिरांनी ती रात्री आणून खोपीत ठेवली.

पाडव्याला मी ह्यांना ओवाळलं. ओवाळणी द्यायचा मान ह्यांचा, पण मीच म्हटलं, "अहो, जरा मागे चला." हे सायकलीभोवती एक फेरी फिरले, घंटी वाजवून बघितली. मग विचारलं, "पैसे कुठले?"

"घरखर्चातले. पाच वर्षं साठवले."

"पाच वर्षं मला कळू दिलं नाहीस." आवाज चढला नव्हता. पण दिवसभर हे फारसं बोलले नाहीत.

मला कारण ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या दवाखान्यासाठी ह्यांनी माझ्याकडे विचारलं होतं, काही शिल्लक आहे का. मी नाही म्हटलं होतं. ह्यांनी मालकाकडून उचल घेतली आणि पगारातून फेडली. अचौर्य अणुव्रत मी लहानपणी पाठ केलं होतं: न दिलेलं घ्यायचं नाही. घरखर्चाचे पैसे मला दिलेले की घराला दिलेले, यावर वाद घालता येईल. पण त्या दिवशी मी खोटं बोलले, त्यावर वाद नव्हता. संध्याकाळी दिवस असताना आम्ही दोघं एकत्र जेवलो आणि मी ते सांगून टाकलं.

ह्यांनी ऐकून घेतलं. मग पूजेतली नवी वही घेतली. वीर निर्वाण संवत 2516 चं पहिलं पान. त्यावर लिहिलं: 'सौ. खाते जमा, सायकलबद्दल, रु. 760.' कॉमर्सवालीला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. ती सायकल घराने माझ्या पैशाने घेतली होती आणि घर माझं देणं लागत होतं. खाली दुसरी ओळ लिहिली: दरमहा सौ. खाते, दहा रुपये. किराण्याच्याही आधी.

शास्त्रज्ञ मेरी आणि पिएर क्यूरी यांचं लग्न 1895 मध्ये झालं. आहेरात आलेल्या पैशांतून त्यांनी दोन सायकली घेतल्या आणि सहलीला निघाले. पैसे दोघांना माहीत, सायकली दोघांच्या. ते वाचलं तेव्हा मला माझा तांदळाचा डबा आठवला.

मैत्रिणींनो, नवऱ्याला, सुनेला, कुणालाही अचानक भेट जरूर द्या. पण तुमच्या नावाचे पैसे घरच्या वहीत उघड लिहिलेले असू द्या. म्हणजे कुणी अडीअडचणीला विचारलं तर 'आहेत, पण अमक्यासाठी ठेवलेत' असं खरं सांगता येतं.

त्या थंडीत ह्यांचं ताट एकदाही झाकावं लागलं नाही. सायकल म्हणूनच भंगारात द्यायची नाही.