शंकरपट : झाडीपट्टीतील वेगाचा इतिहास

१/ मोटारशर्यतीत धोका कोण पत्करतो? चालक, तोही स्वेच्छेने. झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोली आणि शेजारच्या भंडारा-गोंदियात, शर्यतीचे नाव शंकरपट. येथे वेग बैलांचा असतो, आणि सारा वाद याच मुद्द्यावर झाला.

२/ धानाची मळणी आटोपली की मोकळ्या जागेत सरळ धावपट्टी आखली जाते. हलका छकडा, बैलजोडी आणि वर धुरकरी. वळणे नसल्याने दोन्ही बैलांची चाल एकसारखी राखण्यातच त्याचे कसब.

३/ दिवसा पट, रात्री नाटक. पटानिमित्त पाहुण्यांनी गाव भरे. ही गर्दी झाडीपट्टी रंगभूमीचा हक्काचा प्रेक्षक ठरली. वडसा, म्हणजेच देसाईगंज, नाटक मंडळ्यांचे केंद्र बनले.

४/ जुलै २०११ मध्ये केंद्राने बैलाच्या प्रदर्शनावर व खेळातील वापरावर बंदी घातली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली : बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, त्याला पळवण्यासाठी वेदना दिल्या जातात.

५/ महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला. उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली.

६/ बंदीच्या काळातही मंडईच्या निमित्ताने नाटकाचा पडदा उघडत राहिला. पट परतला, तो मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने आणि छळास मज्जाव करणाऱ्या नियमांसह. परंपरा टिकली, आता तिची कसोटी धुरकऱ्याच्या हाती आहे.