मोटोक्रॉस: यंत्र सुधारले, मग स्वार सुरक्षित झाला का?

१/८
२९ मार्च १९२४. इंग्लंडमधील कॅम्बर्लीच्या माळरानावर मोटरसायकलींची एक वेगळीच शर्यत झाली. त्या काळच्या चाचणी-स्पर्धांत कौशल्याचे गुण दिले जात. येथे मात्र केवळ वेळ मोजली गेली. खाचखळग्यांतून जो प्रथम पोहोचेल, तो विजेता. मोटोक्रॉसचा आरंभ येथूनच मानला जातो.

२/८
१९५७ मध्ये ५०० सीसी गटाचे पहिले जागतिक अजिंक्यपद स्वीडनच्या बिल निल्सनने जिंकले. त्या काळच्या गाड्या जड होत्या आणि त्यांचे सस्पेन्शन तोकडे. खड्ड्याचा धक्का थेट मनगटांत आणि मणक्यात जाई.

३/८
१९७० च्या दशकाच्या आरंभीही मागचे चाक जेमतेम १० सेंटिमीटर वरखाली होई. बेल्जियन अभियंता लुसियन टिल्केन्स यांनी एकाच शॉकॲब्सॉर्बरची रचना केली. यामाहाने ती स्वीकारली आणि १९७३ मध्ये हाकन अँडरसनने त्या गाडीवर २५० सीसीचे अजिंक्यपद मिळवले. दशक संपेपर्यंत हे अंतर ३० सेंटिमीटरच्या आसपास पोहोचले.

४/८
धक्के सोसणारे यंत्र आले, तसा धोका घटायला हवा होता. घडले उलटेच. गाडी अधिक सोसू लागताच वेग वाढला, उड्या उंचावल्या. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये माती आणून कृत्रिम उंचवटे रचले गेले. ती शर्यत अवघ्या १६ वर्षांच्या मार्टी ट्राइप्सने जिंकली. सुपरक्रॉसचे युग सुरू झाले.

५/८
आज जागतिक स्पर्धेत ३० मिनिटे आणि वर दोन फेऱ्या, असे दोन सामने होतात. शंभर किलोंहून जड गाडी स्वार बहुतांश वेळ उभ्यानेच हाकतो. हृदयाचे ठोके मिनिटाला १८० च्या पुढे जातात. हाताच्या पुढच्या भागातील स्नायू फुगतात, पण त्यांवरील आवरण ताणले जात नाही. रक्तप्रवाह कोंडतो आणि बोटांना ब्रेकही दाबवत नाही. स्वार याला ‘आर्म पंप’ म्हणतात.

६/८
१९८६ मध्ये इटलीतील मॅजोरा येथे अमेरिकेच्या डेव्हिड बेली, रिक जॉन्सन आणि जॉनी ओमारा यांनी राष्ट्रांची स्पर्धा जिंकली. बेली तेव्हा कारकिर्दीच्या शिखरावर होता. काही महिन्यांतच, जानेवारी १९८७ मध्ये, सरावात तो पडला. पाठीचा कणा दुखावला आणि पाय कायमचे निकामी झाले. वय होते २५.

७/८
हेल्मेट सुधारली. पुढे दक्षिण आफ्रिकेतील डॉ. ख्रिस लीट यांच्या प्रयत्नांतून मानेचे संरक्षक कवचही आले. परंतु उंचावरून आदळणाऱ्या देहाचा सारा भार पेलेल असे कवच अद्याप नाही. यंत्राच्या प्रत्येक सुधारणेने मानवी हाडांपुढे नवी परीक्षा मांडली.

८/८
बेलीने शर्यत सोडली नाही, फक्त वाहन बदलले. २००० मध्ये हवाई येथील आयर्नमॅन स्पर्धेत पोहणे, हातांनी चालवायची सायकल आणि व्हीलचेअर असे तिन्ही टप्पे पार करून त्याने आपल्या गटाचे विजेतेपद पटकावले. या वेळी गाडीला इंजिन नव्हते. होते केवळ दोन हात.