चिपळूण (निवासयोग्यता)

रत्नागिरी जिल्ह्यातील तालुक्याचे शहर. वाशिष्ठी नदीच्या काठी, मुंबई–गोवा महामार्गावर वसलेले. कोकण रेल्वेचे स्थानक. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ५५,१३९. एखादे लहान शहर राहायला कसे, हे ठरवताना हवामान, करमणूक आणि आपत्तीचा धोका यांचे निरनिराळे रकाने पाडून गुण देण्याची रीत आहे. चिपळूणच्या बाबतीत ती अपुरी पडते, कारण इथे तिन्ही रकान्यांत पाण्याचाच हिशेब मांडावा लागतो.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये १११ शहरांचा राहणीमान सुलभता निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यात पुणे पहिले आले. २०२० च्या फेरीत दहा लाखांखालील लोकसंख्येच्या शहरांचा वेगळा गट झाला आणि त्यात शिमला अव्वल ठरले. चिपळूणएवढी शहरे या याद्यांत नसतात. त्यांचे मोजमाप भाड्याने घर शोधणारे, बदलीवर येणारे आणि निवृत्तीनंतर गावी परतणारे लोकच करतात, आणि सरासरीच्या आकड्यांपेक्षा ते बरेचदा अधिक उपयोगाचे असते.

पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि शहर त्या भिंतीच्या पायथ्याशी आहे. समुद्र मात्र जवळ नाही. त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावांना मिळणारा खारा वारा इथे पुरता पोहोचत नाही आणि एप्रिल–मे महिन्यांत दमट उकाडा अंगाला चिकटतो. हिवाळा सौम्य, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सुखाचा काळ.

कोकणात एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात टँकर फिरतात, हे नेहमीचे दृश्य. चिपळूणला या बाबतीत मोठा आधार कोयनेचा. घाटमाथ्यावरचे कोयना धरणाचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला उतरवून पोफळी, अलोरे परिसरात वीज तयार होते. कृष्णा पाणीतंटा लवादाने या वळवणुकीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी मंजूर केले आहे. वीज तयार झाल्यावरचे हे अवजल वाशिष्ठीत येते, म्हणून नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. शहराचा पाणीपुरवठा असा वीजनिर्मितीच्या वेळापत्रकाशी बांधला गेला आहे.

करमणुकीच्या बाबतीत शहर आपल्या आकारापेक्षा श्रीमंत आहे. १८६४ मध्ये स्थापन झालेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे इथले सर्वांत मोलाचे ठिकाण. ८६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी २०१३ मध्ये चिपळुणातच भरले. शिमग्यात गोवळकोटच्या करंजेश्वरीची पालखी निघते. जमिनीत पुरलेले नारळ शोधून काढण्याचा शेरण्यांचा खेळ पाहायला चाकरमानी सुट्टी काढून येतात. परशुरामाचे देवस्थान, सवतसडा धबधबा, गोवळकोटचा किल्ला ही हाकेच्या अंतरावरची ठिकाणे. डेरवणची शिवसृष्टी थोडी दूर, गुहागरचा किनारा तासा-दीड तासाच्या वाटेवर. खाडीत होडीतून मगरी दाखवल्या जातात. पावसाळ्यात कधीकधी त्या स्वतःच रस्त्यावर येतात. निसर्गाची आवड असणाऱ्यांसाठी सह्याद्री निसर्ग मित्र ही इथली संस्था. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या संरक्षणाचे काम तिनेच उभे केले.

धोक्यांत पहिला मान पुराचा. घाटात कोसळलेला पाऊस वाशिष्ठी आणि शीव या नद्यांतून थोड्या वेळात शहरात उतरतो, आणि नदीचा खालचा भाग भरती–ओहोटीचा असल्याने भरतीच्या वेळी पाण्याला पुढे वाट मिळत नाही. पात्रात साचलेला गाळ त्यात भर घालतो. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर. २६ जुलै २००५ चा पूर शहर विसरले नव्हते, पण २२ जुलै २०२१ ला आलेल्या पाण्याने जुन्या खुणा पुसल्या. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे भरती मोठी. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला भिडले. एसटी आगारात कर्मचारी गाडीच्या टपावर अडकून पडले. वीज, फोन, रस्ते एकाच वेळी तुटले. वाचन मंदिराची ग्रंथसंपदा दोन्ही पुरांत भिजली. कोयनेचे अवजल अडवणाऱ्या कोळकेवाडी धरणातून सोडलेल्या पाण्याचा २०२१ च्या पुरात वाटा किती, यावर नंतर बराच वाद झाला.

त्याच दिवशी परशुराम घाटाखालच्या पेढे गावावर दरड कोसळून प्राणहानी झाली. घाट बंद पडला की मुंबईची वाट अडते, कुंभार्ली घाट बंद पडला की कराडची. २ जुलै २०१९ च्या रात्री तालुक्यातील तिवरे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली; वीसच्या आसपास माणसे दगावली, आणि दोष खेकड्यांवर ढकलण्याचे धाडस तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी केले. डोंगरापलीकडचे कोयनानगर हे ११ डिसेंबर १९६७ च्या विध्वंसक भूकंपाचे केंद्र. तिथल्या लहान धक्क्यांची इकडे सवय झाली आहे. लोटे औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखाने आणि दाभोळ खाडीचे प्रदूषण हा धोका पुराएवढा दिसत नाही, पण खाडीतल्या मच्छीमाराला तो रोज भोगावा लागतो.

चिपळूण राहण्याजोगे आहे का, याचे उत्तर गल्लीगणिक बदलते. पेठमाप, मुरादपूर, शंकरवाडी, चिंचनाका, खेर्डी या सखल भागांत तळमजला आणि दुसरा मजला ही जणू दोन निराळी गावे आहेत. डोंगराच्या बाजूला चढावर घर घेतले तर पूर टळतो, पण तिथे दरडीचा विचार करावा लागतो. घर पाहणाऱ्याने भाडे विचारण्याआधी २००५ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आले होते ते विचारावे. शेजारी भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. दुकानदाराला एवढी मुभा नसते. गिऱ्हाईक बाजारपेठेत आहे, म्हणून तो माल पोटमाळ्यावर चढवायची तयारी ठेवून तिथेच बसतो.

२०२१ नंतर चिपळूण बचाव समितीने गाळ काढण्यासाठी उपोषण केले. शासनाने आणि नाम फाउंडेशनने यंत्रे लावून वाशिष्ठी व शीव नद्यांतला गाळ उपसला. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल, अशा दोन पूररेषांवरून मात्र रहिवासी व प्रशासन यांत खटके उडाले. रेषा काटेकोर आखली तर जुन्या शहराच्या बऱ्याच भागात बांधकाम अडते आणि घरांची किंमत पडते. ढिली आखली तर पुढच्या पुरात नवी घरे सापडतात.